रेंज पाड्यापाड्यावर मोजा

जळगावच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं तरी हा वाद कानावर पडतो. एकाचं सिम रस्त्यावर झकास चालतं, पण घरात शिरलं की आवाज तुटतो. दुसऱ्याचं नेट सकाळी पळतं आणि रात्री नऊला बसतं. तिसरा सांगतो, पोर्ट करून टाक, मोकळा हो. जिओ, एअरटेल, व्हीआय की बीएसएनएल, हा प्रश्न भुसावळ, धुळे, अमळनेर, शिरपूर, शहादा इथे खरा आहे. तिथे चार कंपन्या समोर आहेत, माणसाला निवड आहे, आणि निवड असली की तुलनेला अर्थ असतो.

हाच प्रश्न चांदसैली घाट चढून धडगावकडे न्या. मोलगीच्या पुढे नर्मदेच्या अंगाला न्या, किंवा चोपडा-यावल-रावेरच्या उत्तरेला सातपुड्याच्या कुशीतल्या वस्त्यांवर न्या. तिथे कोणतं सिम चांगलं हे कुणी विचारत नाही. कोणत्या टेकडीवर कोणतं सिम लागतं, एवढंच विचारतात. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. खानदेशात मोबाइल सेवेची तुलना सर्कल किंवा जिल्हा धरून करणं चुकीचं आहे, ती पाडा धरून झाली पाहिजे. आणि ज्या पाड्याला एकाच कंपनीचा टॉवर पोचतो, तिथे त्या टॉवरवर कुठल्याही कंपनीचं सिम चाललं पाहिजे. ग्राहकाच्या निवडीच्या गप्पा त्यानंतर.

सर्कल म्हणजे काय ते आधी बघू. दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई सोडून उरलेला सगळा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परवाना क्षेत्र होतं. पुणं, पणजी, नागपूर आणि अक्कलकुवा एकाच खात्यात. सेवेच्या दर्जाचे आकडे वर्षानुवर्षं या क्षेत्राच्या सरासरीने मोजले गेले. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने कॉल तुटण्याची मर्यादा दोन टक्के ठेवली आहे. कंपनी सर्कलभर ती पाळत असेल, आणि तरी एखाद्या पाड्यावर वर्षभर फोन लागला नाही तर त्या आकड्याला धक्का लागत नाही, कारण तुटलेल्या कॉलच्या मोजणीत न लागलेला कॉल येतच नाही. जिथे सेवा सगळ्यात वाईट, तिथला अनुभव हिशेबातून आपोआप गळतो. धोरण त्याच आकड्यांवर ठरतं, म्हणून हे गंभीर आहे.

२ ऑगस्ट २०२४ ला ट्रायने दर्जाचे नवे नियम काढले आणि ते १ ऑक्टोबरपासून लागू झाले. कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळावर टूजी, फोरजी, फाइव्हजी कुठे मिळतं याचे नकाशे द्यायचे, हे त्यातलं चांगलं कलम. नकाशा उघडून गाव शोधता येतं, दोन कंपन्यांचे रंग शेजारी ठेवून बघता येतात. ते जरूर बघावेत. मात्र असा नकाशा बहुतांशी टॉवरची जागा, उंची आणि लहरींची ताकद यांवरून मांडलेलं गणित असतं. तापीच्या सपाट काळ्या रानात ते गणित बरंचसं जुळतं. टॉवर लांब असला तरी मध्ये केळीचे नाहीतर कापसाचे मळे, फार तर एखादं गाव. सातपुड्यात मात्र टॉवर हाकेच्या अंतरावर असूनही मध्ये धार आडवी आली की खालच्या नाल्यातल्या घरांना काही मिळत नाही. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या कमी पट्ट्यातल्या लहरी लांब जातात, भिंतीतून जास्त शिरतात, पण डोंगर त्यांनाही ओलांडता येत नाही.

त्याहून मोठा घोळ 'गाव' या मोजमापात आहे. अक्राणी (म्हणजे धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांत महसुली गाव म्हणजे एका जागी दाटीने बसलेली घरं नसतात. एका गावाचे अनेक पाडे, एक या धारेवर, दुसरा त्या धारेवर, तिसरा खाली नदीजवळ. एका पाड्यातून दुसऱ्यात जायला तासभर चालावं लागतं. शाळेच्या पाड्यावर दोन दांड्या रेंज आली की गाव 'जोडलेलं' म्हणून नोंदवलं जातं. उरलेल्या पाड्यांतला माणूस 'आठे रेंज नही शे' म्हणत उन्हात टेकडी चढतो आणि कागदावर तो जोडलेल्या गावाचा रहिवासी असतो.

केंद्र सरकारच्या योजना याच मोजमापाने आखल्या गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांमधल्या ७,२८७ वंचित गावांसाठी ६,४६६ कोटींची योजना मंजूर झाली, महाराष्ट्र त्या पाचांत होता, आणि नंदुरबार हा राज्यातल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. जुलै २०२२ मध्ये देशभरातल्या २४,६८० गावांना फोरजी देण्यासाठी २६,३१६ कोटींचा प्रकल्प बीएसएनएलकडे आला. पैसा खरा आहे, कामही झालं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचं स्वदेशी फोरजी सुरू झालं ते याच धडपडीतून. मी या योजनांच्या विरोधात नाही. फक्त मोजणीचं एकक गाव न ठेवता पाडा ठेवलं असतं, तर सातपुड्यातली गरज किती मोठी आहे ते उघड दिसलं असतं.

मैदानी खानदेशातल्या वाचकाला कदाचित वाटेल की हे डोंगराचं दुखणं, आपल्याला काय. पण सरासरी तिथेही फसवते. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत हजारो माणसं एका टापूत जमतात. अशा गर्दीत फोनवर दांड्या पूर्ण दिसतात आणि साधा फोटोसुद्धा जात नाही, कारण दांड्या सिग्नलची ताकद दाखवतात आणि टॉवरवर किती जणांनी भार टाकलाय ते दाखवत नाहीत. उन्हाळ्यात लाईट गेली आणि टॉवरची बॅटरी संपली की तालुक्याच्या कडेची गावं मुकी होतात. नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, तिथे फोन कोणत्या राज्याचा टॉवर धरेल ते जागेवर ठरतं. रावेरच्या केळी उत्पादकाचं लक्ष बऱ्हाणपूरच्या भावाकडे असतं आणि बऱ्हाणपूर दुसऱ्या सर्कलमध्ये. म्हणून मैदानातल्या माणसालाही माझा सल्ला हाच आहे: जाहिरात बाजूला ठेवा, शेजाऱ्याचं सिम मागून रात्री नऊ वाजता आपल्या घरात आणि दुपारी आपल्या मळ्यात लावून बघा. 'तरंग संचार' या सरकारी संकेतस्थळावर जवळचा टॉवर कुणाचा आणि कोणत्या तंत्राचा आहे तेही कळतं. घरात बटणांचा साधा फोन असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. जिओकडे टूजी नाही, तिथे फोरजीचा फोन लागतोच. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांचं टूजी अजून चालू आहे. डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातल्या जुन्या फोनसाठी स्वस्त डेटापेक्षा हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

आता पैशांचं. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले. एअरटेल आणि व्हीआयचा २८ दिवसांचा साधा रिचार्ज १७९ वरून १९९ झाला, जिओचा १५५ वरून १८९. बीएसएनएलने तेव्हा दर वाढवले नाहीत आणि पुढच्या महिन्यांत लाखो ग्राहक तिकडे गेले. दर वाढले तर माणूस हलतो, हे त्यातून दिसलं. पण हलायला दुसरी कंपनी हाताशी असावी लागते.

त्यात २८ दिवसांचा महिना. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. पूर्वी गरीब घराने यावर आपल्या परीने तोड काढली होती. दोन सिम ठेवायची. एक कामाच्या गावी चालणारं, एक घरी चालणारं. इनकमिंगला पैसे लागत नव्हते. २०१८ च्या अखेरीस किमान रिचार्जची पद्धत आली आणि ती सोय गेली. आज दोन्ही सिम जिवंत ठेवायची तर १८९ अधिक १९९, म्हणजे दर २८ दिवसांना ३८८ रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरच्यांचा आवाज ऐकण्यासाठी एका दिवसाच्या मजुरीहून जास्त पैसे मोजावे लागतात. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातमध्ये मजुरीला जातात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात. त्यांना हा फोन शौकासाठी लागत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे प्लॅन द्यायला लावले, मुदतही ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. हा निर्णय योग्य होता. जानेवारी २०२५ मध्ये असे प्लॅन आले: एअरटेलचा वर्षाचा १,८४९, ८४ दिवसांचा ४६९, जिओचा ३३६ दिवसांचा १,७४८, ८४ दिवसांचा ४४८. आता हिशेब करा. १९९ चा रिचार्ज तेरा वेळा केला तर २,५८७ होतात. ज्याला डेटा लागत नाही तो वर्षाच्या प्लॅनमध्ये ७३८ रुपये वाचवू शकतो. पण १,८४९ रुपये एकरकमी कुणाकडे असतात? पगारदाराकडे. ज्याच्या हातात आठवड्याच्या बाजाराला पाचशे येतात त्याला २८ दिवसांचाच तुकडा परवडतो, आणि तोच तुकडा सर्वांत महाग पडतो. फक्त कॉलचा ३० दिवसांचा प्लॅन प्रत्येक कंपनीने त्याच दराने दिला पाहिजे. वर्षाच्या दराचा बारावा हिस्सा साधारण १५४ रुपये होतो. तेवढ्यात महिना मिळावा, ही मागणी अवाजवी नाही.

ग्राहक सेवेबद्दल लोक बोलतात तेव्हा कस्टमर केअरचा माणूस किती वेळात बोलला हे बोलतात. ट्रायचा निकषही तसाच आहे. माणसाशी बोलण्यासाठी केलेल्या कॉलपैकी ९५ टक्के कॉल ९० सेकंदांत घेतले जावेत. शहरासाठी ठीक. पण धडगाव तालुक्यातल्या माणसाचं मुळातलं गाऱ्हाणं 'रेंज नाही' हे असतं, आणि ते सांगायचा १९८ हा नंबर त्याच सिमवरून, त्याच रेंजवर लावायचा असतो. तक्रार नोंदवायलाच ती सेवा लागते जी मिळत नाही. परिणाम असा की ज्या पाड्यावर सेवा शून्य, तिथून तक्रारीही शून्य, आणि कंपनीच्या वहीत तो पाडा समाधानी. तिथला माणूस तालुक्याच्या बाजाराला आल्यावर रिचार्जच्या दुकानदाराला सांगतो. खानदेशात खरी ग्राहक सेवा हे दुकानदारच देतात. सिम बदलून देतात, चुकून चालू झालेली गाण्यांची सेवा बंद करून देतात, अहिराणीत, पावरीत समजावतात. त्यांना तक्रार नोंदवून क्रमांक देण्याचा अधिकार मात्र नाही. तो द्यायला हवा. आज नियम असा आहे की तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि निकाल पटला नाही तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे ३९ दिवसांत निकाल लागायला हवा. त्यापुढे ग्राहक आयोग आहे. मोबाइलच्या तक्रारी तिथे चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पण या सगळ्या जिन्याची पहिली पायरी तो क्रमांक आहे, आणि तो डोंगरात मिळत नाही.

२०२४ च्या नियमांमध्ये नुकसानभरपाईही आली. सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडच्या ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडच्या ग्राहकाला मुदत वाढवून द्यायची. पण बिघाड जिल्हा पातळीचा हवा. नंदुरबार शहर चालू आणि अक्राणी तालुका आठवडाभर बंद, अशा वेळी या कलमाचा उपयोग काय? तालुका हेच एकक ठेवावं, अशी मागणी खानदेशातल्या आमदार-खासदारांनी कधीच लावून धरायला हवी होती.

यावर नेहमीचं उत्तर येतं की डोंगरात टॉवर परवडत नाही. वनविभागाची परवानगी, रस्ता नाही, वीज नाही, डिझेल खांद्यावरून न्यायचं, आणि एका टॉवरमागे मोजके ग्राहक. ही अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण त्यासाठीच तर सार्वत्रिक सेवेचा निधी आहे. २००२ पासून कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे पाच टक्के त्यासाठी घेतले जातात, आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. शेवटी ते पैसे आपल्या रिचार्जमधूनच जातात, मोलगीच्या मजुराच्याही. त्याचे पैसे घेतलेत तर त्याला सेवाही मिळाली पाहिजे.

आणि ही सेवा आता चैनीची राहिलेली नाही, कारण सरकारनेच ती सक्तीची केली. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. सोहळ्याला पंतप्रधान आले होते. त्यानंतर एकेक गोष्ट आधार आणि ओटीपीला बांधली गेली. रेशनच्या दुकानात अंगठा लावायला यंत्राला रेंज हवी. रोजगार हमीच्या कामावर जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर हजेरीचा फोटो सक्तीचा झाला. पीएम किसानला ई-केवायसी, लाडकी बहीण योजनेला २०२५ मध्ये ई-केवायसी. ओटीपी यायला नवऱ्याचा किंवा वडिलांचा फोन लागतो, तो ऊसतोडीवर, आणि बाई टेकडीवर उभी. ज्या राज्यात धान्य, मजुरी आणि मदत फोनच्या एका संदेशावर अडकली आहे, तिथे रेंज हा कंपनी आणि ग्राहक यांच्यातला खासगी सौदा राहत नाही.

म्हणून एका टॉवरवर सगळी सिम, ही मागणी. आपण कुठल्याही बँकेचं कार्ड कुठल्याही एटीएममध्ये घालतो, पैसे मिळतात आणि बँका आपसात हिशेब मिटवतात. टॉवरचंही तसं होऊ शकतं. तांत्रिक अडचण नाही. फोनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसतं तेव्हा ११२ लावला तर फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये दाना चक्रीवादळाच्या वेळी ओडिशा आणि पश्चिम बंगालमध्ये कंपन्यांना एकमेकांच्या जाळ्यावर ग्राहक घेण्याची व्यवस्था सुरू करायला सांगितलं गेलं. आणि १७ जानेवारी २०२५ ला केंद्राने हीच सोय डिजिटल भारत निधीतून उभ्या राहिलेल्या फोरजी टॉवरवर सुरू केली. सुमारे २७ हजार टॉवर आणि ३५,४०० गावं, बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ यांचा सहभाग. दिशा अगदी बरोबर आहे. पण ती सरकारी पैशाच्या टॉवरपुरती थांबली आहे. ज्या पाड्यावर एकाच खासगी कंपनीचा स्वतःच्या पैशाचा टॉवर पोचतो, तिथला माणूस अजून बाहेरच आहे, आणि त्या तीन कंपन्यांखेरीज दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलेलाही.

कुणी म्हणेल, मग खर्च करून टॉवर कोण उभारणार? आपलं सिम शेजाऱ्याच्या टॉवरवर चालतंय म्हटल्यावर प्रत्येक जण वाट बघेल. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून मी ही मागणी शहराला लावत नाही. जिथे दोन कंपन्यांचे टॉवर आहेत तिथे स्पर्धा चालू द्या. जिथे एकच टॉवर पोचतो, तिथे टॉवरवाल्याला पाहुण्या सिममागे ट्रायने ठरवलेला मोबदला मिळावा. तो नीट ठरवला तर डोंगरातल्या टॉवरला जास्त गिऱ्हाईक मिळेल, आणि आज जो टॉवर तोट्यात आहे तो उद्या कदाचित पेलला जाईल. एकाच कंपनीच्या मोजक्या ग्राहकांवर चालणाऱ्या टॉवरपेक्षा सगळ्या पाड्याच्या वापरावर चालणारा टॉवर लवकर दुरुस्त होतो, असं मला वाटतं.

पोर्टिंगचा हक्क २०११ पासून देशभर आहे. १९०० वर संदेश पाठवायचा, कोड मिळतो, सर्कलमध्ये तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर हलतो. स्वस्त प्लॅनवाल्यांना तो संदेश पाठवता येत नव्हता, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने कोणताही प्लॅन असला तरी तो जाऊ द्या असा आदेश काढला. हा हक्क मैदानातल्या लोकांनी न कंटाळता वापरावा. कंपनीला ग्राहक गेल्याचं जेवढं लागतं तेवढं तक्रारीचं लागत नाही.

डोंगरातल्या लोकांच्या हातात ग्रामसभा आहे. आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याच्या क्षेत्रात तिला वजनही आहे. ग्रामसभेने पाड्यापाड्याची यादी करावी: पाड्याचं नाव, घरं किती, कोणतं सिम घरात लागतं, कोणतं फक्त धारेवर लागतं, कोणतं कुठेच लागत नाही, रेशनच्या यंत्रात कोणतं सिम आहे, रुग्णवाहिका बोलवायला कुठवर चालत जावं लागतं. ही यादी ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांकडे, दूरसंचार विभागाकडे आणि चारही कंपन्यांच्या अपील प्राधिकरणांकडे टपालाने पाठवावी. शिक्षक, आशा, अंगणवाडी सेविका यांना ही माहिती तोंडपाठ असते, ती फक्त कागदावर यायची आहे. २६ जानेवारीच्या सभेला निम्मा पाडा ऊसतोडीवर असतो, होळीनंतर माणसं परततात, म्हणून हा ठराव १ मेच्या ग्रामसभेत घ्यावा.